बॅच सगळ्यांची, व्यायाम ज्याचा त्याचा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. सोलापुरातल्या होटगी रोडच्या एका सोसायटीचा हॉल, २४ माणसं, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या चटया आणि खरखरणारा एक स्पीकर. मी ओरडते, "बैठका, वीस!" आणि सगळे खाली-वर व्हायला लागतात.

पहिल्या रांगेतल्या तिघांकडे बघा. डावीकडे अक्का, वय ५८. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, म्हणजे रोज सहा-सात तास मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, मान खाली. मधे २१ वर्षांचा पोरगा, पोलीस भरतीच्या मागे लागलेला. उजवीकडे नवी पेठेत कापडाचं दुकान असलेले अण्णा, वय ४६, तीन वर्षांपासून शुगर. हॉल एक, गाणं एक, आकडा एक. वीस बैठका संपतात तेव्हा पोराचा श्वाससुद्धा वाढलेला नसतो. अण्णांच्या मांड्या पेटलेल्या असतात, म्हणजे त्यांना हवा तेवढा व्यायाम झाला. आणि अक्कांनी आठव्या बैठकीलाच गुडघा धरलेला असतो, पण सगळे करतायत म्हणून त्या थांबत नाहीत.

हे पूर्वीचं चित्र. ते मला दिसायला लागलं तोवर बॅच सुरू करून दोन वर्षं झाली होती. मधल्या काळात एका काकूंचा गुडघा माझ्याच बॅचमध्ये सुजला आणि मी "होईल सवय हळूहळू" म्हणून मोकळी झाले. त्या परत आल्या नाहीत. पुढे भाजी मंडईत भेटल्या, छान बोलल्या, बॅचचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

नवीन येणारा प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो. "मॅडम, पर्सनल लावू की बॅचच बरी?" पर्सनल म्हणजे एकट्यासाठी एक कोच, फी बॅचच्या कितीतरी पट. बॅच म्हणजे स्वस्त आणि मजेची, पण तिथे तुमच्याकडे वेगळं बघायला कुणाला सवड नसते. माझं म्हणणं असं की बहुतेकांना यातलं एक निवडायची गरजच नाही. रोजचा घाम बॅचमध्ये गाळायचा आणि तो कोणत्या दिशेने गाळायचा हे महिन्यातून एकदा कुणीतरी तुमच्या एकट्याकडे तासभर नीट बघून ठरवायचं.

घोळक्यात काय मिळतं

१८९८ साली नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन संशोधकाने सायकल शर्यतींचे आकडे तपासले. एकटा घड्याळाशी झुंजणारा सायकलस्वार आणि सोबत कुणीतरी असलेला सायकलस्वार यांत सोबतवाला जोरात जातो, हे त्याला दिसलं. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं गुंडाळायला लावली, एकदा एकट्याने आणि एकदा शेजारी दुसरं मूल बसवून. बरीच मुलं शेजारी कुणी असताना भराभर गुंडाळत होती.

पुढे १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या लोकांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला आणि मग जोडीने. जोडीतला कमजोर गडी एकटा असताना जेवढा टिकला होता त्यापेक्षा जास्त टिकला, कारण त्याने हात सोडला की दोघांचंही संपणार होतं. यातली खरी गंमत पुढे आहे. दोघांत फरक बेताचा होता तेव्हा हा परिणाम सगळ्यात चांगला दिसला. जोडीदार फारच तगडा असेल तर कमजोर माणूस मनातून हात टेकतो, आणि दोघे अगदी सारखे असले तर ओढ कुणाला कुणाचीच लागत नाही. त्यामुळे बॅचमध्ये कुणाला कुणाशेजारी उभं करायचं हा कोचने ठरवायचा विषय आहे. मी अण्णांना भरतीच्या पोराशेजारी उभं करायचे तेव्हा ते दहाव्या मिनिटाला पाणी प्यायला जायचे. आता त्यांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात, अण्णांपेक्षा जरासे चपळ. पाण्याचे ब्रेक संपले.

दुसरा फायदा सरळ आहे, हजेरी. व्यायामाचा कोणताही कागदी आराखडा सहा आठवड्यांनी मोडतो तो आराखडा चुकीचा असतो म्हणून नव्हे, माणूस यायचा बंद होतो म्हणून. बॅचमध्ये दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या दिवशी फोन वाजतो, "काय करूलालास बे, झोपलास का अजून?" हे काम कुठलंही मोबाईल अ‍ॅप करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, रात्रीचं झोपेचं खोबरं होतं, आणि तरी पहाटे माणसं येतात ती माझ्यासाठी येत नाहीत. व्यायामानंतर पायऱ्यांवर जो चहा होतो त्यासाठी येतात. मला याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मग अडतं कुठे

एकच व्यायाम सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे आपण अनुभवाने म्हणतो. ते मोजूनही झालं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून हेरिटेज फॅमिली स्टडी नावाचा एक मोठा अभ्यास केला, क्लोद बुशार यांच्या पुढाकाराने. व्यायामाची अजिबात सवय नसलेल्या माणसांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवायला लावली. १९९९ मध्ये ४८१ जणांचे निकाल आले. त्यांनी मोजलं ते असं की पूर्ण जोर लावला असता शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. दमसास म्हणा हवं तर. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलीलिटर निघाली. पण सरासरीच्या पोटात काय होतं? काहींची वाढ जवळपास शून्य आणि काहींची एक लिटरच्याही वर. कार्यक्रम तोच, आठवडे तेच, सायकलीही त्याच.

शून्यवाल्यांनी काय करायचं, नशिबाला बोल लावायचा? नाही. नंतरच्या संशोधनात दिसलं की ज्यांच्यात फरक पडला नव्हता त्यांचे आठवड्यातले व्यायामाचे दिवस वाढवले की त्यांच्यातही फरक पडतो. औषधाच्या डोससारखं आहे. पण डोस वाढवायचा तर आधी कुणीतरी तुमचे आकडे बघितलेले हवेत. २४ जणांच्या बॅचमध्ये ते बघणार कोण?

दुसरी अडचण ध्येयाची. शरीर ज्या कामाचा सराव कराल त्याच कामात सुधारतं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ आणि गोळाफेक १५. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. आता हा पोरगा रोज पाऊण तास माझ्याकडे झुंबा करत बसला तर घाम भरपूर निघेल, दमसास थोडा वाढेल, पण गोळा आहे तिथेच पडेल. गोळा जातो तो पाय आणि कमरेच्या जोरावर, शेवटी हात. त्यासाठी जड वजन, कमी आवर्तनं, मधे भरपूर विश्रांती. १०० मीटरला वेगळं, १६०० ला आणखी वेगळं. हे तिन्ही त्याला एकाच वेळी जमवायचं आहे, आणि वर पोटऱ्यांच्या पुढच्या हाडाला कळ येऊ द्यायची नाही. ती कळ बहुतेक पोरांना येते, कारण भरतीची जाहिरात आली की ती दुसऱ्याच दिवसापासून दुप्पट धावायला लागतात.

आणि तिसरी अडचण हिशेबाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. आठवड्याला तीन बॅच, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे झाली १३५ मिनिटं. किमान आकड्यालाही १५ मिनिटं कमी पडतात, ती चालून भरता येतील. पण बॅच सगळी नाचाची असेल तर ताकदीचे दिवस शून्य. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि मग ताई म्हणतात, "इतका घाम गाळते तरी जिना चढताना गुडघा कुरकुरतोच."

वस्ताद हेच करायचे

यात नवं काही नाही, असं माझे आजोबा म्हणाले असते. ते तालमीतले. सोलापुरात तालमी गल्लोगल्ली, पण माझ्या लहानपणी मुलींना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती, म्हणून हे सगळं ऐकीव सांगते. पहाटे जोर सुरू व्हायचे ते सगळ्यांचे एकदम, एकाच लयीत. बघणाऱ्याला वाटावं, कवायत आहे. पण वस्ताद फिरत असायचे. पन्नास जोर झाले की एखाद्या बारक्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बास, हो बाजूला." शेजारच्या दांडग्याला म्हणायचे, "तू दोनशे." हौद्यात कुणाची जोड कुणाशी लावायची ते वस्तादच ठरवणार. कुणाला बदाम, कुणाला नुसतं दूध, कुणाला आज मातीत उतरायचंच नाही, खांदा दुखतोय. एका अर्थी तिथे चाळीस जणांची बॅच होती आणि चाळीस वेगवेगळे आराखडे एका माणसाच्या डोक्यात होते.

त्या आराखड्यांत न विचारता हुकूम पाळायची रीतही होती, आणि तिने काही पोरांची शरीरं मोडलीही असतील. ते मला परत आणायचं नाही. पण पाठीवर थाप मारून "बास" म्हणणारं कुणीतरी हवं.

पहिला तास एकट्याचा

आता प्रत्यक्ष कसं करायचं. बॅचला येण्याआधी किंवा पहिल्या आठवड्यात एक तास कोचसोबत एकट्याने बसायचं. त्यातला अर्धा वेळ बोलण्यात जातो, आणि जायला हवा. कोणती औषधं चालू आहेत, कुठलं ऑपरेशन झालंय, झोप किती, दिवसभर उभं राहावं लागतं की बसावं लागतं. पॉवरलूमवर बारा तास उभा राहणारा माणूस आणि बारा तास गल्ल्यावर बसणारा माणूस दोघेही "पाठ दुखते" असंच सांगतात. पण दोघांचा व्यायाम एकसारखा नसतो.

मग ध्येय. "वजन कमी करायचंय" हे ध्येय म्हणून निरुपयोगी आहे, हे मी तोंडावर सांगते. का कमी करायचंय? गड्डा यात्रेत नातवाला घेऊन दोन तास फिरता यावं म्हणून? शर्टाचं बटण लागावं म्हणून? डॉक्टरांनी गोळी वाढवायची धमकी दिलीय म्हणून? तिन्हीची वाट वेगळी. अक्कांना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, मला खाली बसल्यावर कुणाचा हात न धरता उठायचंय." इतकं चोख ध्येय मला शिकल्या-सवरलेल्यांनीही क्वचित सांगितलंय.

नंतर मोजमाप. त्याला यंत्रं लागत नाहीत. एक साधी खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, ३० सेकंदांत कितीदा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. साठी ओलांडलेल्यांसाठी ही चाचणी जगभर वापरतात. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. उठताना हाताचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. अक्का ५८ च्या, तरी आम्ही केली. शून्य आला.

कंबर टेपने मोजायची. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही धोक्याची रेषा मानतात, पुरुषांची तर युरोपियन पुरुषांपेक्षा खाली, कारण आपल्या अंगावर चरबी पोटाभोवती लवकर साठते. मग एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, सहा मिनिटांत किती चालता येतं. झालं. हे चार-पाच आकडे वहीत लिहून ठेवायचे आणि तारीख टाकायची. तारीख टाकायला लोक विसरतात, आणि मग तीन महिन्यांनी वहीचा काही उपयोग राहत नाही.

खिशातलं कार्ड

या एका तासातून जे निघतं ते बॅचच्या गर्दीत कसं टिकवायचं? माझा उपाय पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याचा आहे. त्यावर तीनच ओळी. हे करायचं नाही. हे बदलून करायचं. हे मोजायचं.

अण्णांच्या कार्डावर लिहिलंय: धाप लागेपर्यंत श्वास रोखून वजन उचलायचं नाही. उड्यांच्या जागी जागेवर जोरात चालायचं. प्रत्येक फेरीनंतर किती दमलो ते दहापैकी सांगायचं. हे शेवटचं गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या मोजपट्टीवरून घेतलंय. शून्य म्हणजे आरामात बसलोय, दहा म्हणजे आता पडतो. मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके दाखवतं खरं, पण २२० वजा वय हे जे सूत्र सगळीकडे चिकटवलेलं असतं ते ढोबळ आहे. अण्णांच्या वयाला ते १७४ देतं. त्यांचा स्वतःचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असू शकतो. त्यात बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, मग घड्याळ सांगतं "अजून जोर लावा" आणि माणूस आधीच घायकुतीला आलेला असतो. त्यापेक्षा तोंडी परीक्षा बरी. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर जोर मध्यम. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय, तर जोराचा. "अण्णा, दहापैकी किती?" "सात... साडेसात." "मग पुढची फेरी सावकाश."

भरतीच्या पोराच्या कार्डावर बैठकांपुढे लिहिलंय "वजन घेऊन, आठच". सगळे वीस करतात तेव्हा तो वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन आठ करतो आणि उरलेला वेळ उभा राहतो. पहिल्या दिवशी मागच्या रांगेतून टोमणे आले. दुसऱ्या दिवशी टोमणे मारणाऱ्याने पिशवी उचलून बघितली.

वजन कधी वाढवायचं, याचा एक जुना नियम आहे. शेवटच्या फेरीत ठरलेल्यापेक्षा दोन आवर्तनं जास्त निघाली, आणि असं सलग दोन वेळा झालं, की वजन थोडंसं वाढवायचं. २ ते १० टक्क्यांच्या आत. नियम इतका सोपा की पोरं स्वतःच पाळतात, मला फक्त कार्डावरचा आकडा बदलावा लागतो.

अक्कांना मराठी बोलता येतं, घरात तेलुगू, आणि वाचायची सवय कुठल्याच भाषेत नाही. त्यांच्या कार्डावर मी चित्रं काढली. उडी मारणाऱ्या माणसावर फुली. बैठकीच्या जागी खुर्ची. माझी चित्रकला यथातथाच, त्यांची नात म्हणते खुर्ची शेळीसारखी दिसते.

तुळजापूरची तयारी

सगळ्यात छान सांगड मला एका शिक्षिकेच्या बाबतीत बघायला मिळाली. वय ३९, ध्येय कोजागरीला पायी तुळजापूर. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, त्या रात्री तुळजापूर नाक्यापासून रस्ता माणसांनी फुललेला असतो, आणि पाय पुरते दमल्यावर शेवटी घाट लागतो.

४५ किलोमीटरची तयारी ४५ मिनिटांच्या बॅचमध्ये होणं शक्य नाही. म्हणून लांब चालणं रविवारी, त्यांचं त्यांनी, आराखडा माझा. आषाढात ६ किलोमीटरपासून सुरुवात. मग ८, १०, आणि चौथ्या रविवारी मुद्दाम ७. पुन्हा १२, १४, मग १०. दर तीन-चार आठवड्यांनी एक पाऊल मागे, कारण स्नायू लवकर तयार होतात पण टाचेची शीर आणि हाडं सावकाश, त्यांना सवड द्यावी लागते. सगळ्यात लांब रविवार २८ किलोमीटरचा, कोजागरीच्या तीन आठवडे आधी. पूर्ण ४५ सरावात चालायचे नसतात. तेवढ्याने आलेला थकवा भरून निघेपर्यंत कोजागरी उजाडते.

बॅचचं काम यात कुठे आलं? मंगळवार आणि गुरुवारच्या ताकदीच्या दिवसांत. सगळे पायाचे व्यायाम करत असताना त्या एकेका पायावर करत, कारण चालणं म्हणजे शेवटी आळीपाळीने एका पायावर उभं राहणंच. पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, तेही पायरीच्या कडेवर, घाटासाठी. आणि सोमवारच्या बॅचला कार्डावर मोठ्या अक्षरात: उड्या नाहीत, आदल्या दिवशी चाललोय. व्यायामानंतरची अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणून मंगळवारचं वजनही हलकं. हे सगळं त्यांच्या एकटीचं होतं. पण शेवटच्या तीन लांब रविवारी बॅचमधले सहा जण सोबत निघाले, कुणी दहा किलोमीटर, कुणी पंधरा, आणि चहाच्या टपरीवरून रिक्षाने परत. सगळे २८ किलोमीटर एकटीने चालणं कंटाळवाणं झालं असतं, असं त्या स्वतः सांगतात.

तुळजापूरला त्या पोचल्या. एकच फोड आला, तोही नवीन मोजे घातले म्हणून. सरावातलेच मोजे घाला असं कार्डावर लिहायचं मी विसरले होते.

शुगर, भाकरी आणि शेंगा चटणी

अण्णांकडे परत येते, कारण शुगर असलेली माणसं प्रत्येक बॅचमध्ये असतात आणि बऱ्याचदा सांगत नाहीत. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून व्यायाम हे उत्तम औषध. पण इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर फार खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधारी. अशांनी बॅचआधी साखर तपासायची. ९०-१०० च्या आसपास किंवा खाली असेल तर आधी थोडं खाऊन मगच सुरुवात, आणि खिशात साखरेची पुडी कायम. कोणत्या गोळीला हे लागू आहे ते डॉक्टरांना विचारायचं, कोचला नाही.

अण्णांना बॅचइतकाच फरक पडला तो जेवणानंतरच्या चालण्याने. दुपारी डबा खाल्ला की दहा-पंधरा मिनिटं नवी पेठेतून चक्कर. जेवणानंतर चढणारी साखर त्याने बरीच आटोक्यात राहते.

आणि जेवण. अण्णांच्या ताटात दोन कडक भाकरी आणि मूठभर शेंगा चटणी, वर तेल. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, ही चांगली गोष्ट. पण त्याच १०० ग्रॅममध्ये ५६० च्या वर कॅलरी असतात. चटणी बंद करा असं सोलापुरात सांगणारा कोच माझ्या मते बिनकामाचा. आम्ही मुठीच्या जागी दोन चमचे केले आणि वाटीभर उसळ वाढवली. भारतीय प्रौढांसाठी रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. अण्णा ८२ किलोचे, म्हणजे ६८ ग्रॅम. नुसत्या भाकरी-चटणीवर तो आकडा गाठायला गेलात तर कॅलरी हाताबाहेर जातील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे गणित आहारतज्ज्ञाकडेच.

पैसे देण्याआधी

बॅच निवडताना आत जाऊन पाच मिनिटं नुसतं बघा. कोच स्वतः पुढे उभं राहून व्यायाम करतोय की माणसांमध्ये फिरतोय? सगळा वेळ आरशाकडे तोंड करून नाचणाऱ्याला तुमचा गुडघा दिसणार नाही. एका व्यायामाचे दोन-तीन प्रकार करून दाखवतो का? बॅचमध्ये किती जण? माझ्या अनुभवाने २५ च्या पुढे मला चेहरे दिसतात, पाय दिसत नाहीत. महिन्यातून एकदा स्वतंत्र वेळ देतो का, आणि तेव्हा जुने आकडे काढून बघतो का? "तीन महिन्यांत पंधरा किलो" असा बोर्ड असेल तर पुढच्या दुकानात जा.

पर्सनलच्या नावाखाली शेजारी उभं राहून मोबाईल बघत "अकरा, बारा, तेरा" मोजणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. तेवढं तुम्हाला स्वतःला मोजता येतं. दर महिन्याचा स्वतंत्र तास परवडत नसेल तर मधला मार्ग आहे. एकसारखं ध्येय असलेले चार-पाच जण मिळून एक तास घ्या. भरतीची पोरं एकत्र, गुडघेवाल्या मावश्या एकत्र. आमच्याकडे शनिवारी असंच चालतं.

आणि छातीत जडपणा, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, न थांबणारी धाप, यातलं काहीही झालं तर कार्ड, बॅच, ध्येय सगळं बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना. उन्हाळ्यात तर जास्तच सांभाळा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर सगळ्यांचाच जोर दहापैकी एक-दोनने खाली.

अक्कांचं राहिलं. खुर्चीवरून हात न टेकता उठता येत नव्हतं, म्हणून आम्ही खुर्चीच उंच केली. त्यांनी घरून दोन सोलापुरी चादरी आणल्या, घड्या घालून बैठकीवर ठेवल्या. आपली चादर जाड, दोन घड्यांत पुष्कळ उंची मिळते. तिथून हात न लावता दहा वेळा उठता आलं. मग वजनाचा जो नियम, तोच इथे. दोन जास्त निघाले, सलग दोनदा, की चादरीची एक घडी कमी. बाकीचे वीस बैठका करतात, अक्का खुर्चीवर बारा करतात, गाणं सगळ्यांचं तेच. चादरी पूर्ण निघाल्या की साधी खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग पाट, मग जमीन. सध्या खुर्चीवर एक चादर उरली आहे.